पहिली चिमूट

मागच्या खोलीतलं मुसळ थांबलं की भीमाशंकरने गल्ल्यावरून उठायचं, हात धुवायचे आणि उजवा तळहात अव्वापुढे धरायचा, हा बाळीवेशीतल्या त्या दुकानाचा सकाळी साडेनऊचा नेम होता. अव्वा, म्हणजे त्याची आई चंद्रव्वा, परातीतली ताजी शेंगाचटणी चिमटीत घेऊन त्या तळहातावर ठेवायची. त्याने ती जिभेवर टाकायची, डोळे मिटायचे आणि मोठ्याने म्हणायचं, "विकायची!" त्याआधी चटणीचा कणसुद्धा तराजूत पडत नसे. त्याचे वडील, निंगप्पा अप्पा, हयात होते तेव्हा त्यांचं "विकायची" रस्त्यापलीकडच्या पानपट्टीपर्यंत ऐकू जायचं आणि बाहेर थांबलेली गिऱ्हाइकं ते ऐकून पिशव्या उघडायची.

गेला महिनाभर मात्र भीमाशंकरचं "विकायची" खोलीचा उंबरासुद्धा ओलांडत नव्हतं.

मीठ कमी पडत होतं. फार नव्हे, अगदी किंचित. नव्या माणसाला कळणारही नाही. पण वयाच्या विसाव्या वर्षापासून, आधी अप्पांच्या मागे उभं राहून आणि गेली चार वर्षं स्वतःच्या हातावर, तो ही चिमूट चाखत आला होता. त्याला कळायचं. कळायचं आणि सांगायची छाती व्हायची नाही. अव्वाने जन्मात कधी मीठ मोजून टाकलं नव्हतं. मुठीने टाकायची, बोटाला लावून चाखायची, मान हलवायची. सत्तरीला टेकलेल्या आईला तुझी जीभ थकली असं सांगणार कोण? एक जुनं गिऱ्हाईक मागच्या आठवड्यात चिमूट चाखून म्हणालंही होतं, "काय भीमाशेठ, घरात कुणाला बीपी झालंय का?" भीमाशंकर हसला होता आणि त्या दिवशी जेवला नव्हता.

आजही तेच झालं. चिमूट चाखली, डोळे मिटले, मीठ कमीच होतं.

"काय रं?" अव्वाने विचारलं.

"विकायची," तो पुटपुटला आणि तिच्याकडे न बघता बाहेर आला.

आज खरं तर दुकान अर्धाच दिवस उघडं राहणार होतं. अप्पांचं चौथं पुण्यस्मरण होतं. भिंतीवरच्या फोटोला विभूती लागली होती, बेलपत्रं वाहून झाली होती. स्वामी जेवून दक्षिणा घेऊन गेले आणि मग दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घरची माणसं मागच्या खोलीत पंगतीला बसली. अक्कलकोटहून प्रभुलिंगकाका आले होते. अप्पांचा हा धाकटा भाऊ. घरात काही ठरवायचं असलं की शब्द यांचा. आणि आज ठरवायचं होतं.

त्याला कारणही भीमाशंकरच होता. दसऱ्याला शिवलीलाने, त्याच्या धाकट्या भावजयीने, चटणीचं ऑनलाइन दुकान उघडलं. दिवाळीत, सगळं घर फराळाला बसलेलं असताना, भीमाशंकरने जाहीर करून टाकलं, "अप्पांच्या पुण्यस्मरणापर्यंत बघतो. चाललं तर चाललं, न्हाईतर बंद." पहिल्या दीड महिन्यात अकरा ऑर्डरी आल्या होत्या. त्यातल्या तीन विरेशच्या शाळेतल्या मास्तरांच्या. विरेश म्हणजे शिवलीलाचा नवरा. मोहोळला शाळेवर होता आणि घरातल्या भांडणात तो कायम भिंतीला टेकून बसायचा.

"वाढा, वाढा काकांना," अव्वा म्हणाली. महेश्वरीने, भीमाशंकरच्या बायकोने, काकांच्या ताटात तिसरी शेंगापोळी टाकली.

"साकु, साकु!" काकांनी ताटावर हात आडवा धरला. "हां, भीमा. तुझी तक्रार काय हाय ते एकदाचं सांग."

भीमाशंकरने घसा साफ केला. "तक्रार कसली काका? आपल्याकडं रीत काय? गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्या तळहातावर चिमूट ठेवायची. त्याचं तोंड बघायचं. पटली तर तराजू. अप्पांनी कुणाला न चाखवता पावशेरसुद्धा दिली न्हाई. आता तिकडं कुठं नागपुरात, इंदुरात माणूस मोबाइलवर बोट दाबणार, आणि आपण डबा धाडणार. त्याचा तळहात कुठाय? त्याचं तोंड कुणी बघितलं?"

बोलणं खोटं नव्हतं. फक्त त्यात एक गोष्ट त्याने गाळली होती, आणि ती या घरात एकट्या त्यालाच ठाऊक होती.

डबे भरायचं काम त्याच्याकडे होतं. शिवलीला पत्ता छापून द्यायची, तो डबा खोक्यात घालून चिकटपट्टी लावायचा. डिसेंबरमध्ये एका दुपारी एक डबा बंद करता करता त्याचा हात अडला. न चाखवता द्यायची तरी कशी? मग त्याने चमचाभर चटणी कागदात बांधली आणि वरून पेनाने लिहिलं, 'आधी ही पुडी चाखा. पटली तर डबा उघडा. नाही पटली तर डबा तसाच परत पाठवा, पैसे परत देऊ. भीमाशंकर, दुकानावरून.' त्या दिवसापासून एकही खोकं पुडीशिवाय गेलं नव्हतं. विरोध करणारा माणूस गुपचूप पुड्या बांधत होता आणि कुणी आलं की पेन खिशात लपवत होता.

लपवण्यासारखं आणखीही होतं. गल्ल्याखाली मोबाइल धरून तो शिवलीलाचं दुकान दिवसातून चारदा उघडून बघायचा. त्यात अव्वाच्या दोन हातांचा फोटो होता, मुसळ धरलेल्या, बांगड्या कोपराकडे सरकलेल्या. तो फोटो बघताना त्याचा ऊर भरून यायचा. पण हे बोलून दाखवलं असतं तर दिवाळीतल्या शब्दाचं काय करायचं?

"आता तू बोल गं," काका शिवलीलाकडे वळले. "घाबरू नको, तुझ्या माहेरच्या गावचाच हाय मी."

शिवलीला घाबरणारी नव्हतीच. हात धुऊन तिने मोबाइल घेतला आणि काकांच्या शेजारी बसली. "काका, चूक आधी माझीच झाली. सुरवातीला मी बावीस पदार्थ टाकले."

"बावीस?"

"महेश्वरीअक्कांनी सांगितलं, पापड टाक, सांडगे टाक, लोणचं टाक." महेश्वरीने पोळीचं पातेलं उगाच हलवलं. "माणसं यायची, गोंधळायची आणि निघून जायची. चटणीचा फोटो बाजारातून आणलेल्या काचेच्या वाटीत काढलेला. ती कुणाचीही चटणी वाटायची. मग मी सगळं काढून टाकलं. चारच गोष्टी ठेवल्या. चटणी, कमी तिखट चटणी, कडक भाकरी, आणि दोन्ही मिळून एक खोकं. फोटो उखळाचा घेतला. किती दिवस टिकते, कशाबरोबर खायची, किती दिवसांत पोचते, सगळं साध्या मराठीत लिहिलं. आपला फोन नंबर सगळ्यात वर. फोन आला की मी स्वतः बोलते."

"मग?"

"मग थोडं बरं झालं. पण काका, जानेवारीपासून जे झालंय ते मला कळेना झालंय." तिने मोबाइल काकांच्या डोळ्यांपुढे धरला. "एकदा घेतलेली माणसं परत घ्यायलीत. नुसती परत न्हाई, बहिणीला पाठवा, ऑफिसातल्या चौघांना पाठवा म्हणायलीत. या महिन्यात एकशे चाळीस खोकी गेलीत. मी तर काही नवीन केलेलं न्हाई."

खोलीत सगळ्यांच्या माना वर झाल्या. एकशे चाळीस भीमाशंकरला ठाऊक होती, त्यानेच बांधली होती. पण ती अशी सगळ्यांसमोर ऐकताना त्याने हातातली पोळी ताटात परत ठेवली.

"आणि आज सकाळी हा निरोप आलाय," शिवलीला वाचू लागली, "'तुमच्या साइटवर लिहिलंय, खाण्याची वस्तू परत घेतली जाणार नाही. पुडीवर लिहिलंय, परत घेऊ. यातलं खरं कोणतं? परत द्यायची नाहीये, चटणी झकास आहे, पण पुडीवर लिहिणाऱ्या भीमाशंकररावांना नमस्कार सांगा.'" तिने मोबाइल खाली घेतला आणि सरळ त्याच्याकडे बघितलं. "भाऊजी, पुडी कसली?"

विरेश भिंतीवरून पुढे सरकला. "अण्णा?"

"तू गप बस बे," भीमाशंकर म्हणाला. पण कान लाल झाले होते. शेवटी त्याने खिशात हात घातला आणि सकाळीच लिहून ठेवलेल्या पाच-सहा रिकाम्या पुड्या ताटाशेजारी ठेवल्या. काकांनी एक उचलली, चष्मा वर करून मोठ्याने वाचली आणि मग असे हसले की त्यांना ठसका लागला.

महेश्वरी, जी दिवाळीपासून नवऱ्याच्या बाजूने किल्ला लढवत होती, तिने एका क्षणात बाजू बदलली. "म्हंजे दिवसभर माझ्यापाशी त्या दुकानाच्या नावानं बोटं मोडायची आणि दुपारी बसून त्याच्याच पुड्या बांधायच्या? आणि मी येडी, जावेशी तोंड वाकडं करून बसलेय तीन महिने!"

"अगं, न चाखवता कसं द्यायचं?" भीमाशंकर कळवळून म्हणाला. "हात धजंना माझा."

शिवलीला हसत नव्हती. तिचे डोळे भरले होते. "भाऊजी, मी इतकं डोकं फोडत होते, की लांबच्या माणसाला विश्वास कसा वाटावा. तुम्ही तो कागदात बांधून धाडत होता. मला एका शब्दानं सांगितलं असतं तर मी तुमचं अक्षर पहिल्या पानावर लावलं असतं की!"

हे ऐकल्यावर भीमाशंकरला इतकं बरं वाटलं की तो ताटातल्या रिकाम्या जागेवरून उगाच बोट फिरवत राहिला. अप्पांच्या फोटोकडे बघायचा धीर त्याला बऱ्याच दिवसांनी झाला.

"बरं," काका ठसका आवरून म्हणाले, "परत घेऊ असं लिहिलंस. आली का एखादी परत?"

"न्हाई," भीमाशंकर पटकन म्हणाला.

ते 'न्हाई' जरा जास्तच पटकन निघालं. महेश्वरी उठली. गेली ती दुकानात. गल्ल्याखालच्या फळीवर जुन्या बारदानाच्या मागे तिला काही दिवसांपूर्वी जे दिसलं होतं, ते तिने आणून पंगतीच्या मध्ये ठेवलं. डबा. झाकणाची पट्टी न फोडलेली. वर चिकटवलेली चिठ्ठी. "मला वाटलं, पत्ता चुकलेला आसंल. पण चिठ्ठी तुमच्या नावानं हाय."

"महेश्वरी, ते राहू दे."

"वाच गं," अव्वा म्हणाली. भीमाची तक्रार सुरू झाल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली होती.

महेश्वरीने वाचलं. "'पुडी चाखली. भाजणी सुंदर, लसूण छान. पण मीठ कमी आहे. माझ्या वडिलांनी वीस वर्षं तुमच्या दुकानातून चटणी आणली, म्हणून सांगावंसं वाटलं. राग मानू नका.'"

रस्त्यावरून एक रिक्षा भोंगा वाजवत गेली. भीमाशंकरला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. अव्वाला वाचवण्यासाठी महिनाभर जे गिळलं ते शेवटी अप्पांच्या पुण्यस्मरणाला, भर पंगतीत, तिच्यासमोर येऊन पडलं होतं.

"ते गिऱ्हाईक काय, अव्वा, कुणी कायबी लिहितंय," तो म्हणाला.

"तू सकाळी चाखलास की."

"व्हय."

"रोज चाखतूस."

"व्हय, अव्वा."

"आन् मीठ बरोबर हाय?"

भीमाशंकरने मान खाली घातली. अव्वाने त्याच्याकडे क्षणभर रोखून बघितलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठली, कोपऱ्यात कापडाने झाकलेली सकाळची परात ओढून आणली. दुकान अर्धा दिवसच असल्याने परातीत निम्म्याहून जास्त चटणी शिल्लक होती.

"शिवलीला, हात पुढं कर."

शिवलीला दचकली. आठ वर्षांत या घरात तिने भाकऱ्या थापल्या होत्या, शेंगा भाजल्या होत्या, ऑनलाइन दुकान उभं केलं होतं. पण पहिली चिमूट? ती गल्ल्यावर बसणाऱ्याचीच. अव्वाच्या हातावरसुद्धा ती कधी पडली नव्हती. तिने भीमाशंकरकडे बघितलं.

"त्याच्याकडं काय बघतीस? हात पुढं कर म्हनलं न्हवं!"

तिने तळहात पुढे केला. अव्वाने चिमूट ठेवली. शिवलीलाने ती तोंडात टाकली, आणि तिचेही डोळे आपोआप मिटले. भीमाशंकर तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याला मनातून दोन गोष्टी एकदम हव्या होत्या. ही खोटं बोलो आणि अव्वाचं मन राखो. आणि ही खरं बोलो, म्हणजे आपल्या छातीवरचा दगड उतरेल.

"अव्वा," शिवलीला हळू म्हणाली, "कुटाई झकास उतरलीय. तेल बरोबर सुटलंय." ती थांबली. "पण मीठ कमी हाय. चिमूटभर न्हाई, अर्धी मूठ कमी हाय."

महेश्वरीने तोंडावर पदर घेतला. विरेशने बायकोला डोळ्यांनी खूण केली, ती तिने बघितली आणि सोडून दिली.

अव्वाने स्वतः एक चिमूट घेतली. जिभेवर घोळवली. पुन्हा एक घेतली. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही, नुसता शोध होता, हातातून पडलेली सुई फरशीवर चाचपावी तसा. बराच वेळ तिने चाचपलं.

"मला कळंना झालंय की," ती शेवटी म्हणाली. आवाज साधाच होता. "मला बरोबर लागायलंय. म्हंजे जीभ माझी गेली." मग ती मुलाकडे वळली आणि तिथे मात्र आवाज चढला. "आन् तू! इतके दिवस खोटं विकायची म्हणत होतास? तुझ्या बापानं, मी लग्न होऊन आल्यावर दुसऱ्या वर्षी, भर गिऱ्हाइकांसमोर म्हनलं होतं, चंद्रव्वा, मीठ चुकलंय, परत कूट. मी रडले बी आन् परत कुटली बी. त्यानं मला लाजवलं न्हाई, त्यानं दुकान वाचवलं. तू मला वाचवायला गेलास?"

"चुकलं अव्वा."

"चुकलं तर चुकलं. पर ह्या पुड्यांवर लिहायला तुला लाज वाटली न्हाई, हे चांगलं केलंस. बापाचं काय तरी उतरलंय तुझ्यात." हे बोलताना तिचा हात नकळत त्याच्या डोक्यावरून फिरला. चाळिशी उलटलेल्या भीमाशंकरला ते सगळ्यांसमोर झालं तरी नको वाटलं नाही.

"मग दिवाळीतल्या शब्दाचं काय?" काकांनी मुद्दाम विचारलं.

"कसला शब्द?" भीमाशंकर म्हणाला. "मी तर काही बोललेलो आठवत न्हाई."

सगळे हसले. अव्वा तोपर्यंत परातीतली चटणी उखळात ओतत होती. मिठाचं मडकं तिने शिवलीलापुढे सरकवलं. "टाक. तुझ्या मुठीनं."

शिवलीलाने अर्धी मूठ टाकली. मुसळ अव्वाने कुणाला दिलं नाही. लोखंडी टोकाचं ते जड मुसळ तिने दोन्ही हातांनी उचललं, बांगड्या कोपराकडे सरकल्या, आणि फोटोतले ते हात भीमाशंकरसमोर पुन्हा हलू लागले. वीस-पंचवीस घाव पडले. खोलीभर लसणाचा आणि भाजल्या दाण्यांचा वास पसरला. पुण्यस्मरणाच्या दिवशी, जेवणं उरकल्यावर, घरात पहिल्यांदाच उखळ वाजत होतं आणि काकांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मुसळ थांबलं. भीमाशंकरचा हात सवयीने पुढे आला. अव्वाने त्याच्या तळहातावर हलकेच चापट मारली.

"तू लिहायचं. पुड्यांवर, एकेकीवर, हातानं. छापायचं न्हाई. उद्यापास्नं पैली चिमूट हिची." तिने शिवलीलाच्या तळहातावर चिमूट ठेवली. "सांग. आन् खालच्या आवाजात सांगायचं न्हाई आपल्यात."

शिवलीलाने चाखली. डोळे मिटले. भीमाशंकरने तिच्या ओठांकडे बघितलं आणि तिने तोंड उघडायच्या आधीच त्याला कळलं, की बरोबर झालीय.

"विकायची!"

काय आवाज होता तो! अक्कलकोटच्या त्या पोरीचा एवढा मोठा आवाज या घराने आजवर ऐकला नव्हता. तो मागच्या खोलीतून निघाला, दुकानातून गेला, अर्ध्या ओढलेल्या शटरखालून रस्त्यावर पडला. विरेशने अभिमानाने इकडेतिकडे बघितलं, जणू तोच ओरडला होता. फोटोतल्या अप्पांकडे बघत काका हळूच "हौदु, खरंय" म्हणाले, आणि अव्वाने पदराने कपाळ पुसता पुसता डोळेही पुसले.

शटरखाली दोन पाय येऊन थांबले. कुणीतरी वाकून आत बघत होतं.

"भीमाशेठ, आज बंद म्हणालात, आणि आत तर विकायची म्हणायलेत. दुकान उघडं हाय का?"

भीमाशंकर उठला. हात धुतले. वाटीत चिमूटभर चटणी घेतली, वाटी गल्ल्यावर ठेवली आणि शटर दोन्ही हातांनी वर ढकललं.

"उघडं हाय की," तो म्हणाला. "हात पुढं करा."